दहावी 'ब'चा ग्रुप फोटो
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'माझा छंद' हा विषय दिलाय. या सभागृहात याआधी मी एकदाच उभा राहून बोललो होतो, आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेत. तेव्हा दुसऱ्या वाक्यालाच विसरलो होतो. म्हणून आज लिहून आणलंय. बाई, पाठांतर केलेलं नाही, आधीच कबूल करतो.

माझा छंद म्हणजे जुने कॅमेरे. मोठ्या रोलचे, ज्यांना १२० नंबरचा रोल लागतो ते. नोकरीत असताना पिंपरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यामुळे बारीक स्क्रू आणि स्प्रिंगांची भीती नव्हती. आज घरी लहानमोठे अकरा कॅमेरे आहेत. बायकोच्या मते ते बारा आहेत, कारण ती मलाही त्यात मोजते. मीही अधूनमधून अडकतो.

१२० चा रोल फार जुना. कोडॅक कंपनीनं तो १९०१ साली काढला आणि तो आजही तयार होतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आगफा क्लिक थ्री नावाचा काळा डबा होता, मामाच्या लग्नात गळ्यात अडकवलेला. त्यालाही हाच रोल लागायचा. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' नावाचा कृष्णधवल रोल आठवत असेल. एका रोलवर साधारण सहा सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद असे बारा फोटो. नेहमीच्या छत्तीस फोटोंच्या रोलशी तुलना केली तर इथे एका निगेटिव्हचं क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त भरतं. ग्रुप फोटोला स्टुडिओवाले हाच कॅमेरा का आणायचे, ते यावरून लक्षात येईल. चाळीस चेहरे एका चौकोनात बसवायचे तर प्रत्येक चेहऱ्याला जागा हवी.

आता ग्रुप फोटो म्हटल्यावर 'ब' तुकडीवाले एकमेकांकडे बघायला लागले, ते मला इथून दिसतंय. आपल्या तुकडीला दहावीचा ग्रुप फोटो नाही. या स्मरणिकेसाठी फोटो गोळा झाले त्यात 'अ'चा आहे, 'क'चा आहे, आपला नाही. त्या विषयाकडे मी येणार आहे. आधी छंदाचं बोलतो, कारण ते आल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

असा कॅमेरा घ्यावासा वाटला, आणि आता निवृत्त झाल्यावर दोनचार जणांना नक्की वाटेल, तर घाई करू नका. मुंबईत चोर बाजार आहे, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, आणि बंद पडलेले स्टुडिओ तर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. विकणारा सांगेल, 'साहेब, एकदम चालू आहे.' चालू म्हणजे खटका दाबल्यावर आवाज होतो, एवढाच त्याचा अर्थ असतो.

मी सोबत तीन वस्तू नेतो. एक छोटी टॉर्च, एक ट्रेसिंग पेपरचा तुकडा आणि एक रिकामी रीळ.

टॉर्च भिंगासाठी. मागचं दार उघडायचं, शटर 'बी'वर ठेवून उघडं धरायचं, आणि मागून टॉर्च मारून समोरून बघायचं. धुळीचे दोनचार कण असतील तर त्यांनी काही बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती हटकून धरते. कोवळी असेल तर भिंग उघडून पुसता येते. जुनी असेल तर ती काचेवरचा थर खाते, आणि मग पुसूनही डाग राहतो.

दुसरी गोष्ट शटर. ती डोळ्यांनी बघण्यापेक्षा कानांनी ऐकायची. सगळे जण पाचशेवर ठेवून खटका दाबतात, तो बहुधा चालतोच. तुम्ही एक सेकंदावर ठेवा. आतून एकसारखा 'कर्रर्र' असा आवाज आला पाहिजे. मध्येच दमला, अडखळला, किंवा शटर उघडंच राहिलं, तर आतलं वंगण सुकून चिकट झालंय. हा दोष दुरुस्त होतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा. आणि जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ टायमर, म्हणजे आपोआप फोटो निघण्याची कळ, तिला हात लावू नका. वर्षानुवर्षं न वापरलेली ती कळ मध्येच अडकली तर अख्खं शटर घेऊन बसते. मी माझ्या एकाही कॅमेऱ्याची वापरत नाही.

तिसरं काम ट्रेसिंग पेपरचं. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून आपण बघतो आणि खालच्यातून फोटो निघतो. दोघांचं एकमत आहे का, हे तपासायला हवं. दार उघडून रोलच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा, शटर उघडं धरायचं आणि लांबचा विजेचा खांब बघायचा. वरच्या काचेत खांब स्पष्ट असताना खालच्या कागदावर पुसट दिसला, तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे. नवराबायकोचं थोडंफार चालून जातं, इथे एका केसाइतकाही मतभेद चालत नाही.

रिकामी रीळ कशाला, तर या कॅमेऱ्यात रोल एका रिळावरून दुसऱ्यावर जातो. दुसरी रीळ नसेल तर नवा रोल घालताच येत नाही, आणि विकणाऱ्याकडे ती कधीच नसते. हातातल्या रिळानं हँडल फिरतंय का तेही कळतं. अडलं तर जोर लावू नका. आतले दात पितळी असतात, आपली मनगटं त्यांच्याहून दणकट.

याशिका-मॅट १२४ जी नावाचा कॅमेरा १९७० ते १९८६ अशी सोळा वर्षं बनत होता आणि आपल्याकडे स्टुडिओवाल्यांचा लाडका होता. त्याच्या दोन खोडी सांगतो. दाराच्या कडेला प्रकाश आत जाऊ नये म्हणून काळा फोम लावलेला असतो. इतक्या वर्षांनी त्याचं डांबर होतं. ते स्पिरिटनं हळूहळू खरवडून काढायचं आणि नवीन फोम किंवा काळी लोकर बसवायची. दोन तासांचं काम आहे. दुसरी खोड मीटरची. त्याला पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. साधा सेल घातला तर व्होल्टेज जास्त पडतं आणि मीटर चुकीचं सांगतो. पण कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल त्यात बऱ्यापैकी चालतो. आपल्यापैकी काहींच्या खिशात आत्ताही असेल. लाजू नका, सुट्टीत मला एक द्या. नाहीतर मीटरचा नाद सोडा. लख्ख उन्हात अपर्चर १६, आणि रोल ४०० चा असेल तर शटर पाचशे. हा नियम कुठल्याही सेलशिवाय चालतो.

निगा राखण्याबद्दल थोडं. चामड्याचं कव्हर दिसायला छान, पण ते ओल धरून ठेवतं, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा त्यात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, आणि पुड्या मधूनमधून तव्यावर कोरड्या करून घ्याव्यात. शटर ताणलेलं ठेवून कॅमेरा कपाटात ठेवू नये. आतल्या आरशाला कपडा लावू नये, त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो आणि एका पुसण्यात निघून येतो. घरातल्या मशीनचं तेल तर कधीच घालू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्यातून एकदा तरी कॅमेरा हातात घ्यावा, सगळ्या स्पीडवर चालवावा. वापरून जितके कॅमेरे बिघडत नाहीत, त्याहून जास्त ठेवून बिघडतात.

आता आपल्या फोटोकडे येतो.

फेब्रुवारी १९८२. निरोप समारंभाचा दिवस. चिंचेखाली बाकं मांडली होती. स्टुडिओवाले काका याशिका घेऊन आले होते. आठवतं? मान खाली घालून वरून बघायचे, आपल्याला वाटायचं नमस्कार करतायत. त्यांना सगळं उजव्याचं डावं दिसायचं, म्हणून 'तू उंच, इकडे सरक' म्हणताना हात भलतीकडे जायचा आणि आपण हसायचो. एकेका फोटोसाठी दोनदा खटका. आधी दहावी 'क', ती वेगळ्या रोलवर. मग नवा रोल घातला. त्यावर आधी दहावी 'अ', मग सगळे शिक्षक, मग आपण. म्हणजे सहा फोटो. बाई, तुम्ही आपल्या वर्गशिक्षिका म्हणून मधोमध बसला होतात, जांभळी साडी नेसून. चित्रकलेचे सर त्या महिनाअखेर निवृत्त होणार होते, म्हणून शिक्षकांच्या फोटोत त्यांना हेडमास्तरांशेजारी बसवलं होतं.

आपला फोटो झाला आणि काकांना ऑफिसात चहाला बोलावलं. कॅमेरा स्टँडवरच होता. पोरं हात लावतील म्हणून पीटीच्या सरांनी एकाला राखणीला उभं केलं. तो मी.

मला एवढंच बघायचं होतं, की आपण सगळे त्या डब्यात नेमके कुठे जाऊन बसलो. कॅमेऱ्याच्या तळाशी एक कळ होती, ती फिरवली. मागचं दार वर उघडलं. आत काळा कागद दिसला. मी नखानं तो कडेनं उचलला. खाली एक गुळगुळीत, राखाडी पट्टी होती. तिच्यावर कोणीच नव्हतं. मला काहीतरी भयंकर केल्यासारखं वाटलं आणि मी दार लावून टाकलं. सगळं मिळून अर्धा मिनिट गेला असेल. काका आले, त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारून 'शाबास' म्हटलं, आणि उरलेल्या रोलवर नववीचे फोटो काढले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तीन दिवसांनी कळलं, रोल खराब निघाला. तोवर आपल्याला अभ्यासाची सुट्टी लागली होती, मग परीक्षा, मग जो तो पांगला. नववीचा फोटो पुन्हा काढता आला. शिक्षकांचाही जूनमध्ये पुन्हा काढला, पण तोवर चित्रकलेचे सर गावी निघून गेले होते. 'अ' तुकडीचा वाचला, कारण तो रिळावर आत गुंडाळला गेला होता. 'अ'वाल्यांनी घरी जाऊन आपला फोटो नीट बघा. डाव्या-उजव्या कडेला पांढुरका पट्टा आहे. तो माझ्या नखाचा. आपण सगळ्यात शेवटी होतो, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या वेढ्यावर. आपलं काहीच उरलं नाही.

मला हे त्याच दिवशी कळलं होतं का? खराब झाल्याचं ऐकलं त्या क्षणी कळलं. सांगितलं नाही. आधी मार पडेल म्हणून, नंतर उशीर झाला म्हणून. पुढच्या वर्षीपासून शाळेनं दुसरा फोटोग्राफर बोलावला, हेही माझ्या कानावर आलं होतं. चित्रकलेचे सर गेले तेव्हा त्यांची मुलगी शाळेत फोटो मागायला आली होती, हे मला खूप वर्षांनी कळलं. तिला द्यायला शाळेकडे काही नव्हतं.

२०१३ साली मी गावी आलो असताना ऐकलं, की काका स्टुडिओ बंद करतायत. गेलो. शहात्तर वर्षांचे होते. समोर टेबलावर कॅमेरे मांडले होते, त्यात ती याशिका. मी आत्ता तुम्हाला सांगितलं तसा तिला तपासला. टॉर्च मारली, एक सेकंदाचा आवाज ऐकला. फोमचं डांबर झालं होतं, बाकी तब्येत ठणठणीत. मग तळाची कळ फिरवायला गेलो आणि माझा हात थांबला.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रोल धुतला तेव्हाच कळलं होतं. कॅमेऱ्याचा दोष असता तर सगळ्या फोटोंवर एकाच जागी काळं आलं असतं. हे कडेनं आत आलं होतं, आणि बाहेरच्या वेढ्याला जास्त. दार कुणीतरी उघडलंय, आणि राखणीला एकच पोरगं होतं."

मी विचारलं, "मग हेडमास्तरांना सांगितलं का नाही?"

म्हणाले, "काय सांगू? कॅमेरा पोराच्या हवाली करून मी चहाला गेलो, असं? चूक माझीच होती." आणि जरा थांबून म्हणाले, "पण शाळेचं काम गेलं ते वर्ष फार जड गेलं रे. आजूबाजूच्या दोन शाळांनीही नंतर बोलावलं नाही."

'जाऊ दे' असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही ती अपेक्षा धरली नव्हती. कॅमेऱ्याचे सहा हजार सांगितले. मी घासाघीस केली नाही, त्यांनी एक रुपया सोडला नाही. नोटा दोनदा मोजून घेतल्या. निघताना मात्र एक रिकामी रीळ माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही लागते. लोक विसरतात." मघाशी सांगितलेली ती रीळ तीच. काका आता नाहीत.

मला छंद लागला तो असा. लोक विचारतात, एवढे जुने कॅमेरे कशाला दुरुस्त करतोस. मी आजवर याचं उत्तर कुणाला दिलं नव्हतं. बायकोलासुद्धा हे पहिल्यांदा आज कळतंय, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

बाई, तुमची, आणि तुम्हा सगळ्यांची मी क्षमा मागतो. काकांच्या मुलाला मी या मेळाव्याचं निमंत्रण दिलं होतं. ते आले आहेत, मागे दाराजवळ उभे आहेत. शाळेच्या दप्तरात कुठे 'फोटोग्राफरच्या हलगर्जीपणामुळे' असं लिहिलं असेल, तर ते चूक आहे. तो हलगर्जीपणा माझा होता. हे या स्मरणिकेत छापून यावं म्हणूनच मी भाषण लिहून आणलं.

आपण बेचाळीस जण होतो. आज सत्तावीस आलो आहोत. पाच जण आता कधीच येणार नाहीत, आणि त्यांचा दहावीतला चेहरा आपल्यापैकी कुणाकडेही नाही. ते मला भरून देता येणार नाही. एवढंच करता येईल, की आज तोच कॅमेरा आणलाय. फोम नवा आहे, रोल नवा आहे, एक सेकंदाचा आवाज काल रात्रीही ऐकलाय. हे सत्र संपलं की 'ब' तुकडीनं चिंचेखाली यावं. बाई, तुम्ही मधोमध. पाच खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आहेत, त्यांवर कुणी बसू नका. मी फोटोत नसेन, कारण सेल्फ टायमर मी वापरत नाही, हे सांगितलंच आहे.

आणि फोटो झाल्यावर चहा आहे. कॅमेरा मी बरोबर घेऊनच चहाला येईन.



ता. क. : रोल दुसऱ्या दिवशी घरीच धुतला. दोन्ही फोटो नीट आले आहेत. पहिल्यात मी नाही. दुसऱ्या वेळी बाईंनी मला ओळीत उभं राहायला सांगितलं आणि खटका काकांच्या मुलानं दाबला. शेजारच्या पानावर छापलाय तो दुसरा.